टायरवाला दारी आला, पण…

महोदय,

घरी किंवा ऑफिसपाशी गाडी घेऊन येऊन टायर बदलून देणारे कारागीर आता चिपळुणातही दिसू लागले आहेत. सोय उत्तमच. बाजारपेठेत गाडी उभी करायला जागा नाही आणि भर पावसात परशुराम घाटाच्या तोंडाशी स्टेपनी चढवणे म्हणजे शिक्षाच.

तरी गिऱ्हाइकाने थोडे डोळे उघडे ठेवावेत. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दारात आलेला माल ‘नवा’ म्हणून घेण्याआधी हे आकडे वाचावेत आणि पक्के बिल मागावे. आपल्याकडे अंगणातली लाल माती पावसात भुसभुशीत होते, त्यामुळे जॅकखाली जाड फळी हवीच. नट नुसते पाय देऊन आवळू नयेत, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे, दारात होऊ शकते. अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, मात्र गॅरेजच गाठावे लागते, त्याबाबत कारागिराने गोड बोलून गुंडाळू नये.

माझी खरी तक्रार जुन्या टायरांची आहे. काही कारागीर ते मागील दारी टाकून जातात (आणि आपणही ‘असू दे, माडाला आळं होईल’ म्हणून ठेवतो!). त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. नवा टायर देणाऱ्याने जुना परत न्यावा, अशी सक्ती नगर परिषदेने पावसाळ्यापूर्वीच करावी.

– एक वाचक, चिपळूण