सुपारीबाजाचा सिनेमा उदास नसेल तर काय असेल?

संपादक महाशय,

भाडोत्री मारेकऱ्यांवरच्या गँगस्टरपटांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. असे सिनेमे ‘फार उदास’ असतात, शेवटी हाती काही लागत नाही, ही त्यातली तक्रार पटली नाही. पैसे घेऊन अनोळखी माणसाला संपवणाऱ्याची गोष्ट बघून प्रेक्षकाने शिट्ट्या वाजवत बाहेर पडावे, अशी अपेक्षाच का धरावी?

रॉबर्ट सिओडमॅकचा ‘द किलर्स’ (१९४६) आठवा. दोघे मारेकरी गावात येतात. ज्याला मारायचे त्याला निरोप आधी पोचतो, तरी तो पळत नाही. अंधाऱ्या खोलीत खाटेवर पडून जिन्यावरच्या पावलांची वाट बघतो. बर्ट लँकेस्टरचा हा पहिलाच सिनेमा, आणि त्यात तो सुरुवातीलाच मरतो! पुढचा सगळा वेळ सिनेमा एकच गोष्ट शोधत राहतो: हा पळाला का नाही? मेलेल्या माणसाला एवढी किंमत दिली की उदासी आपोआप येते, वेगळी पेरावी लागत नाही.

मारणाऱ्याच्या बाजूने बघायचे तर फ्रेंच दिग्दर्शक मेलव्हिलचा ‘ल सामुराई’ (१९६७) आहे. पहिली जवळजवळ दहा मिनिटे संवादच नाही. करड्या खोलीत मारेकरी झालेला आलँ दलाँ आणि पिंजऱ्यातला एक पक्षी, बस्स. आपल्यामागे कुणीतरी खोलीत येऊन गेले, हे त्याला कळते ते पिंजऱ्याजवळ पडलेल्या पिसांवरून. त्याच वर्षी जपानी दिग्दर्शक सुझुकीच्या ‘ब्रँडेड टू किल’मध्ये नेम धरताना नेमके फुलपाखरू आडवे येते आणि भलताच माणूस मरतो. निक्कात्सु स्टुडिओला हे झेपले नाही. ‘सिनेमे कळत नाहीत’ म्हणून १९६८मध्ये सुझुकीलाच काढून टाकले. (‘कळत नाही’ आणि ‘उदास आहे’ या तक्रारी सख्ख्या बहिणीच म्हणायच्या.)

उलट हल्लीच्या कित्येक चकचकीत ॲक्शनपटांत नायक एका दमात पन्नास जणांना लोळवतो. पडणाऱ्याचा चेहरासुद्धा धड दिसत नाही, मागे मात्र ठेका धरायला लावणारे संगीत. मारामारी सफाईदार असते, बघायला मजाही येते, नाही असे नाही. पण तिथे कुणी मेले असे वाटतच नाही.

तेव्हा परीक्षणकारांना एक विनंती आहे. उदासीबद्दल तारे कापण्याआधी, ज्याची सुपारी दिली तो माणूस कोण होता हे सिनेमा सांगतो की नाही, तेवढे वाचकांना कळवत जा.

– एक नियमित वाचक