कॉर्टेन पोलाद आणि किनाऱ्यावरची खारी हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकण किनाऱ्यावरच्या नव्या बंगल्यांत फाटक, कुंपण आणि झाडांच्या कुंड्यांसाठी गंजल्यासारखा दिसणारा तांबूस पत्रा अलीकडे आवडीने बसवला जातो. ‘कॉर्टेन’ या नावाने मिळणारा हा पत्रा ‘एकदा बसवा आणि विसरा’ असे सांगून विकला जातो. समुद्रकाठच्या घरमालकांनी त्यावर विसंबू नये, म्हणून हे पत्र.

साध्या पोलादावरचा गंज भुसभुशीत असतो. त्याच्या खपल्या निघतात आणि आतला धातू पुन्हा उघडा पडतो. कॉर्टेनमध्ये तांबे, क्रोमियम, फॉस्फरस अशी द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळलेली असल्याने त्याचा गंज घट्ट बसतो आणि पुढचे गंजणे फार मंदावते. (दिल्लीचा लोहस्तंभ टिकण्यामागेही फॉस्फरसच असल्याचे धातुतज्ज्ञ सांगतात.) मात्र हा थर जमण्यासाठी पत्रा आलटून पालटून भिजावा आणि वाळावा लागतो, आणि हवेत मीठ असून चालत नाही. अमेरिकेच्या यू. एस. स्टील (युनायटेड स्टेट्स स्टील) कंपनीने १९३०च्या दशकात हे पोलाद आणले ते रेल्वेच्या कोळसा वाघिणींसाठी. इमारतीत ते आणले वास्तुविशारद एरो सारिनेन यांनी, इलिनॉयमधील मोलीन येथील जॉन डीअर कंपनीच्या १९६४ साली पूर्ण झालेल्या मुख्यालयात. ती इमारत आजही देखणी आहे.

होनोलुलूच्या अलोहा स्टेडियमचे तसे झाले नाही. १९७५ साली खुल्या झालेल्या या स्टेडियमचा गंज खाऱ्या वाऱ्यामुळे थांबलाच नाही, आणि दुरुस्तीवर वर्षानुवर्षे खर्च होत राहिला. अटलांटातील ओम्नी कोलिसियम हे क्रीडागृह तर समुद्रापासून कितीतरी दूर; तरीही तिथल्या दमट हवेत पोलाद गंजतच गेले आणि १९७२ची ती वास्तू १९९७मध्ये पाडण्यात आली. आपल्याकडे दमटपणा आणि मीठ दोन्ही आहेत, शिवाय चार महिने पत्रा धड वाळतही नाही.

माझ्या ओटीवरच्या दोन कुंड्यांनी याचा अनुभव दिला. आतून अस्तर नव्हते, पाण्याचा निचरा नव्हता. ओल्या मातीला टेकलेला तळ दुसऱ्या पावसाळ्यानंतर चाळणीसारखा झाला. कोटा फरशीवर उतरलेले तांबडे ओघळ आजही निघालेले नाहीत. विकणाऱ्याने यातले काहीच सांगितले नव्हते, आणि अभियंता असूनही मी विचारले नाही, हा दोष माझा.

पुणे, नाशिक अशा किनाऱ्यापासून दूरच्या भागांत हे साहित्य शोभेल, पण तिथेही पाणी साचणार नाही असा उतार हवा, सांध्यांत पालापाचोळा अडकू नये आणि ओघळ फिकट दगडावर न पडता खडीत जिरावेत. किनाऱ्यावर मात्र वास्तुविशारदांनी ते सुचवण्यापूर्वी घरमालकाला या मर्यादा लेखी द्याव्यात, आणि जिन्याला किंवा पादचारी पुलाला ते उघडे वापरूच नये. केवळ तांबूस रंगच हवा असेल, तर आपला जांभा आहेच.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, रत्नागिरी