व्हॅनिव्हर बुशबद्दल, मंदारला

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. ‘धोरणं ठरवायला बाबू लोक आहेत, आपण इंजिनिअरांनी यंत्रं बनवावीत,’ असं तू लिहिलंस आणि मला यंत्रंही बनवणारा आणि धोरणंही आखणारा अमेरिकी इंजिनिअर व्हॅनिव्हर बुश आठवला. (अमेरिकेच्या बुश अध्यक्षांशी याचं नातं नाही, आधीच सांगून ठेवतो.)

जन्म १८९० चा, मॅसॅच्युसेट्समधल्या एव्हरेटचा. विद्यार्थी असतानाच त्याने जमिनीचे चढउतार आपोआप कागदावर उतरवणारं, ढकलत न्यायचं यंत्र बनवलं. १९१२ मध्ये त्याचं पेटंटही मिळालं, पण घ्यायला कुणी तयार होईना. पुढे एमआयटीत त्याने डिफरन्शियल अनालायझर उभा केला. दांडे, गिअर आणि फिरत्या चकत्यांनी विकलक समीकरणं सोडवणारं हे धूड १९३१ मध्ये पूर्ण झालं. तुझा लाडका क्लॉड शॅनन, पुढे माहिती सिद्धांत मांडणारा, विद्यार्थी म्हणून याच यंत्रावर काम करत होता.

पण मला भुरळ पडते ती त्याच्या नंतरच्या कामाची. जून १९४०. जर्मन फौजा पॅरिसच्या तोंडाशी, अमेरिका अजून युद्धाबाहेर. बुश तेव्हा वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेचा अध्यक्ष होता. १२ जूनला तो राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना भेटला. हातात एकच कागद, त्यावर चार छोटे परिच्छेद: युद्धासाठीच्या संशोधनाला एक स्वतंत्र समिती हवी. पंधरा मिनिटांच्या आत कागदावर ‘ओके’ आणि रूझवेल्टची आद्याक्षरं! आपल्याकडे एवढ्या वेळात फाइलची दोरीसुद्धा सुटत नाही.

पुढच्याच वर्षी या कामासाठी ओएसआरडी (ऑफिस ऑफ सायंटिफिक रिसर्च अँड डेव्हलपमेंट) हे मोठं सरकारी कार्यालय झालं, बुशच्याच हाताखाली. त्यातली खरी कल्पकता साध्या करारात होती. शास्त्रज्ञांना गणवेश चढवून सरकारी प्रयोगशाळांत कोंडायचं नाही. ते आपापल्या विद्यापीठात राहतील, सरकार करार करून पैसे देईल, आणि वीज, इमारत, कारकून यांचा वरखर्चही भरून देईल. आज ही पद्धत इतकी रुळली आहे की ती कुणीतरी आखली होती हेच लक्षात येत नाही. याच व्यवस्थेतून एमआयटीतलं रडारचं काम झालं, लक्ष्याजवळ पोचताच आपोआप फुटणारे तोफगोळे आले, पेनिसिलिनच्या मोठ्या उत्पादनाला हातभार लागला. अणुबॉम्बचं सुरुवातीचं कामही लष्कराकडे जाण्याआधी बुशच्याच देखरेखीखाली होतं, आणि ते ओझं त्याच्या खात्यातून वजा करता येत नाही.

जुलै १९४५ मध्ये त्याचा ‘सायन्स, द एंडलेस फ्रंटियर’ हा अहवाल आला. मूलभूत संशोधनाला शांततेच्या काळातही सरकारने पैसा द्यावा, त्यासाठी एक राष्ट्रीय संस्था काढावी, पण कशावर संशोधन करायचं ते शास्त्रज्ञांनी ठरवावं, हे त्याचं सार. इथे सिनेटर हार्ले किलगोर आडवा आला. पैसा मोजक्या नामांकित विद्यापीठांत न मुरता राज्याराज्यांत जावा, जनतेच्या पैशातून निघालेली पेटंटं जनतेचीच असावीत आणि संस्थेची सूत्रं सरकारच्या हातात असावीत, असं त्याचं म्हणणं. पैशाच्या वाटपाबाबत मला किलगोरचं पटतं. बुशला गुणवत्ता दिसायची, पण ती बहुधा ओळखीच्या आवारांतच दिसायची.

१९४७ मध्ये ही संस्था काढण्याचं, बुशच्या मनासारखं विधेयक काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) मंजूर केलं, तर राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी ते नाकारलं. संस्थेचा संचालक राष्ट्राध्यक्षांना उत्तरदायी नसेल, तर जनतेच्या पैशाचा हिशेब मागायचा कुणाकडे, हा त्यांचा आक्षेप. ही संस्था, राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान (एनएसएफ), अखेर मे १९५० मध्ये जन्मली, तीही संचालक राष्ट्राध्यक्षांनी नेमायच्या अटीवर. तोवर नौदल, अणुऊर्जा आयोग आणि आरोग्य संस्था आपापला वाटा घेऊन बसल्या होत्या. म्हणजे बुशच्या मनातली एकछत्री संस्था कधी झालीच नाही, टिकली ती करारांची पद्धत.

आणि हो, हा द्रष्टा चुकायचाही. तीन हजार मैल जाऊन नेमका मारा करणारं रॉकेट पुष्कळ काळ तरी शक्य नाही, असं त्याने १९४५ च्या अखेरीस सिनेटच्या समितीला सांगितलं. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने आंतरखंडीय क्षेपणास्त्र उडवून दाखवलं.

तू किलगोरच्या बाजूने भांडशील असा माझा अंदाज आहे. पेटंटांचं काय करायचं, तेवढं मात्र नीट लिही, तिथे माझं मत अजून पक्कं होत नाही.

तुझा,
अनिरुद्ध