मी आलो

प्रिय बाळ,

दिवाळीत चार दिवस घर भरून गेलं होतं. पण पाडव्याच्या संध्याकाळचं फोनवर बोलायला जमेना, म्हणून लिहायला बसले. (बघ, कागदावर 'बसले' आलं. तोंडानं मी 'बसलो'च म्हणते.)

आज्जी देवळातून आल्या, दारातूनच म्हणाल्या, "मी आलो गं." तू हसत म्हणालीस, "आज्जी, आलो काय? आले म्हण! तू काय पुरुष आहेस?" तू सहज बोललीस, ठाऊक आहे मला. आज्जी पण हसल्या. नंतर मात्र गप्प गप्पच होत्या.

पहिल्या वर्षी होस्टेलवर याच 'आलो'वरून तुझी टिंगल झाली होती. रात्री अकराला फोन करून रडली होतीस. मग तू 'आले, गेले' शिकलीस, बरं केलंस. मुलाखतीला लागतं ते. मीसुद्धा वर्गात तसंच बोलते.

पण ते चूक आहे, हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या पुण्याच्या मैत्रिणी चौघी मिळून आल्या तर काय म्हणतात? "आम्ही आलो." तिथं बायकांनी 'आलो' म्हटलेलं चालतं, कुणाला हसू येत नाही. आपल्या कोल्हापूरकडच्या बाया एकटी असली तरी तेच म्हणतात, एवढाच फरक. दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, ते 1836 चं. त्या शतकात कोश, व्याकरणं, शाळेची पुस्तकं झाली आणि पुण्याकडच्या शिकलेल्या घरांतलं बोलणं प्रमाण ठरलं. ती घरं आपल्याकडे असती, तर आज 'आले' म्हणणारीला हसले असते.

आणि हसतात ते नुसत्या शब्दाला नाही. नाटक-मालिकांत बघ, मालवणी बोलणारा आला की विनोद, वऱ्हाडी बोलणारा भोळा, आपल्याकडची बाई म्हणजे रांगडी, कमरेला पदर खोचूनच यायची. पुणेकराला खवचट म्हणतात खरं, पण त्याचं मराठी अशुद्ध आहे असं कुणी म्हणत नाही. 'पानी' म्हणणाऱ्याच्या 'न'वरून तर लोक त्याची जातही ओळखायला बघतात.

मी काही वेगळी नव्हते. डीएडला असताना अमरावतीकडची एक मुलगी 'डोळा'ला 'डोया' म्हणायची. दोन वर्षं आम्ही तिला 'डोया'च म्हणून हाक मारली. पुढे शिकवायला लागल्यावर वाचलं, मराठीतलं सगळ्यात जुनं मोठं गद्य, 'लीळाचरित्र', 13व्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला लिहिलं. रिद्धपूर तिच्याच जिल्ह्यातलं. तिचा पत्ता आता माझ्याकडे नाही.

तू गेल्यापासून आज्जींचं एक लक्षात आलंय. तुझा फोन आला की 'मी' म्हणतात आणि थांबतात. परवा "मी काल बाजारात..." एवढं बोलून फोन माझ्याकडं दिला. एरवी अर्धा तास सोडत नाहीत तुला.

माफी-बिफी मागू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल. पुढच्या शनिवारी येशील तेव्हा चप्पल काढायच्या आधी दारातनं मोठ्यांदा हाक मार, "आज्जी, मी आलो!"

तुझी
आई