७५ हजारांची वाढ, हातात ९०० रुपये

मा. संपादक,
स.न.

‘पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य २०२५ च्या अर्थसंकल्पापासून प्रत्येक नोकरदाराला पाठ झाले आहे. त्या रेषेच्या लगेच पलीकडे काय होते, हे मात्र वेतनवाढीच्या पत्रात कोणी लिहीत नाही. वाढीव पगाराची स्लिप येते, टीडीएसचा (पगारातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराचा) आकडा पाहून माणूस चक्रावतो आणि खापर फुटते ते लेखा विभागावर. त्या बिचाऱ्यांचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. कायद्यातले गणितच तसे आहे.

२०२५-२६ या वर्षाचा हिशेब, त्या वर्षीच्या कायद्यातली कलमे आणि फॉर्म धरून, नव्या (कमी दराच्या, पण बहुतेक वजावटी नसलेल्या) करव्यवस्थेनुसार मांडून पाहा. वर्षाचा पगार १२ लाख ७५ हजार. प्रत्येक नोकरदाराला सरसकट मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख उरते. त्यावर टप्प्याटप्प्याने ६० हजार कर बसतो आणि कलम ८७अ खाली तेवढीच सूट मिळून तो शून्य होतो. आता पगार १३ लाख झाला असे धरा. करपात्र उत्पन्न १२ लाख २५ हजार. सूट गेली, टप्प्यांनुसार कर आला ६३,७५०. पण २५ हजार जास्त कमावले म्हणून ६३,७५० भरा, हे सरकारलाही सांगवेना; म्हणून ‘मार्जिनल रिलीफ’ आहे. त्यानुसार कर १२ लाखांच्या वरच्या रकमेइतकाच, म्हणजे २५ हजार, घेतात. मग त्यावर ४ टक्के उपकराचे १ हजार. एकूण २६ हजार. पगार वाढला २५ हजारांनी, कर वाढला २६ हजारांनी!

ही रिलीफ करपात्र उत्पन्न १२,७०,५८८ रुपये होईपर्यंत चालते. उपकर धरून सगळे जुळवले, तर पगार साधारण १३ लाख ४९ हजारांच्या पुढे जाईपर्यंत हातात १२ लाख ७५ हजारवाल्यापेक्षा कमीच पडते. १३ लाख ५० हजार पगारावर कर होतो ७४,१००. म्हणजे ७५ हजारांच्या वाढीतले ९०० रुपये आपले. रिलीफ मोजताना उपकरही धरला, तर निदान वाढ मिळून तोटा होणार नाही. अर्थ मंत्रालयाने एवढी दुरुस्ती करायला हरकत नसावी.

यावर वाढ नाकारणे हा उपाय नव्हे. ‘टप्पा बदलला की सगळ्या पगाराला वरचा दर लागतो’ ही समजूतही चुकीची आहे. १६ लाखांच्या पुढचा २० टक्के दर फक्त १६ लाखांवरच्या रुपयांना लागतो. अडचण आहे ती या ७४ हजारांच्या पट्ट्याचीच, आणि तिथे सापडलेल्यांनी पगाराची रचना बदलून घ्यावी.

नव्या व्यवस्थेत कलम ८०सी (बचत), ८०डी (आरोग्य विमा), घरभाडे भत्ता यांपैकी काही चालत नाही. चालते ते कलम ८०सीसीडी(२): मालकाने तुमच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात भरलेली, मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम. मूळ वेतन महिना ५० हजार असेल तर ७ हजार, वर्षाला ८४ हजार. एकूण पॅकेज साडेतेरा लाखच ठेवून हे ८४ हजार विशेष भत्त्यातून काढून या खात्यात वळवले, तर करपात्र उत्पन्न ११ लाख ९१ हजार होते आणि कर शून्य. रोख पगार आधी करानंतर १२,७५,९०० होता, आता १२,६६,०००. वर्षाला ९,९०० रुपये कमी हातात आले आणि ८४ हजार स्वतःच्या खात्यात जमा झाले. पैसा बरीच वर्षे अडकतो आणि त्यातला ठरावीक भाग पेन्शनसाठी लावावा लागतो, हे खरे. घराचे हप्ते ओढताना ज्याला एकेक रुपया रोख लागतो त्याने विचार करूनच करावे. बाकीच्यांनी कर भरून हात हलवत बसण्यापेक्षा हे बरे.

चुका कुठे होतात, तेही सांगायला हवे. कंपनी एनपीएसच्या कॉर्पोरेट योजनेत नोंदलेली असावी लागते. नसेल तर बँकेमार्फत नोंदणी होते, पण तिला वेळ लागतो. तुमचे आधीचे खाते असेल तर नवे काढू नका, त्याचाच बारा आकडी प्रान (कायमचा एनपीएस खाते) क्रमांक द्या आणि खाते कॉर्पोरेट विभागात वर्ग करून घ्या. सगळ्यात मोठा घोळ स्लिपमध्ये होतो. तिथे रक्कम ‘एम्प्लॉयर’ची म्हणून दिसली पाहिजे. ‘एम्प्लॉयी’ म्हणून कापली गेली, किंवा तुम्ही स्वतः ऑनलाइन ५० हजार भरलेत, तर नव्या व्यवस्थेत त्याची दमडीचीही वजावट नाही. शिवाय मागील तारखेने काही होत नाही. नोव्हेंबरपासून सुरू केले तर पाच पगारांत ३५ हजार जातात आणि ७४,१०० चा कर ४१,६०० वर येतो. मार्च संपल्यावर मात्र ‘पुढच्या वर्षी बघू’.

एनपीएस नसेल तिथे भविष्य निर्वाह निधीकडे पाहा. अनेक कंपन्या १५ हजारांवरच १२ टक्के, म्हणजे महिना १,८०० भरतात. ५० हजारांच्या पूर्ण मूळ वेतनावर भरले तर मालकाचा हिस्सा ६ हजार होतो आणि वर्षाचे ५०,४०० जास्तीचे करपात्र पगारातून बाहेर पडतात. मात्र तुमचा हिस्साही तेवढाच वाढतो आणि त्यावर नव्या व्यवस्थेत वजावट नाही, म्हणजे रोख पगाराला दुहेरी कात्री.

टीडीएसच्या आकड्याने घाबरू नये. कंपनी वर्षाचा अंदाजे कर काढून उरलेल्या महिन्यांत वाटते. एप्रिलपासूनची वाढ नोव्हेंबरात लागू झाली तर सात महिने शून्य आणि नंतरचे पाच महिने १४,८२०. पुढच्या एप्रिलपासून तोच आकडा महिना ६,१७५ होईल. सरकारी कार्यालयांत फेब्रुवारी महिना जवळपास बिनपगारी जातो तो याच कारणाने.

खरा फटका न कापलेल्या कराचा. पगार १२ लाख ७० हजार आणि मुदत ठेवीचे व्याज ३० हजार असेल, तर कंपनी काही कापत नाही, ५० हजारांच्या आत म्हणून बँकही नाही, आणि जुलैत २६ हजार भरा. असे उत्पन्न फॉर्म १२बीएए मध्ये कंपनीला आधीच कळवता येते.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणाऱ्यांचे तर विचारू नका. सहा महिने १ लाख आणि सहा महिने १ लाख ४० हजार पगार असेल, तर दोन्ही कंपन्या आपापल्यापुरते पाहून कर शून्य धरतात. प्रत्यक्षात देणे ८८,१४० आणि विवरणपत्र जुलैत भरले तर त्यावर सुमारे ८ हजार व्याज. जुना पगार फॉर्म १२बी मध्ये नव्या कंपनीला कळवला की हे टळते.

जानेवारी उजाडला की ‘कर वाचवा’ म्हणत विमा एजंट येतात. नव्या व्यवस्थेतल्या माणसाला पॉलिसीच्या हप्त्याने एक रुपयाही कर वाचत नाही. वजावटी देणारी जुनी व्यवस्था परवडते का, याचा अंदाज असा: १५ लाख पगाराला प्रमाणित वजावट सोडून ५ लाख ४३ हजारांच्या वर वजावटी हव्यात. गृहकर्जाचे २ लाख व्याज, ८०सीचे दीड लाख आणि भरभक्कम घरभाडे असे सगळे एकत्र असेल तरच ते जमते.

शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. वरिष्ठ श्रेणी किंवा वेतननिश्चितीची मागील वर्षांची थकबाकी एकदम मिळाली, तर कलम ८९ खाली कर त्या त्या वर्षांवर वाटून सवलत घेता येते. नव्या व्यवस्थेतही ती आहे. त्यासाठी प्राप्तिकर पोर्टलवर फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो. नुसता विवरणपत्रात आकडा टाकला तर सवलत नाकारली जाते आणि नोटीस येते. फॉर्म भरायला थकबाकीचा वर्षवार तक्ता लागतो. तो कार्यालयातून बिल निघतानाच मागून घ्यावा, नंतर लिपिकाच्या मागे फिरावे लागते.

– पगारपत्रक व टीडीएसचे काम पाहणारा एक वाचक, ठाणे