यादीतलं पहिलं नाव

चि. मीरा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आर्थिक सल्लागाराच्या नोकरीच्या मुलाखतींबद्दल तू इतक्या उत्साहानं बोलत होतीस की मी मध्ये तोंड घातलं नाही. पण तुझं एक वाक्य डोक्यातून जाईना. "बाबा, पुढच्या फेरीला ओळखीच्या १०० जणांची नावं लिहून आणायची आहेत." म्हणून हे पत्र.

मी पॉलिसी विकायला लागलो तेव्हा असाच कागद माझ्याही पुढ्यात आला होता. मी साठाव्या नावावर अडकलो. मॅनेजरनं लाल पेन काढलं आणि माझ्याकडं न बघता यादी वरून खाली वाचत गेला. पक्की नोकरी असेल त्या नावापुढं एक खूण, मुलं लहान असतील तर दोन. आत्याच्या नावापुढं तीन पडल्या. "इथून सुरुवात करा," म्हणाला. मी आकडेमोडीची तयारी करून गेलो होतो, ती कुणी विचारलीच नाही.

तुला आर्थिक सल्लागार व्हायचंय, आणि तुझ्यात ती कुवत आहे, याबद्दल मला शंका नाही. फक्त या भरतीत नेमकं काय मोजलं जातंय ते ओळखून जा. जिथं अशी यादी मागतात तिथं बहुतेक वेळा तुझ्या ज्ञानाइतकीच तुझ्या ओळखींची किंमत केली जाते. यादी मागितली म्हणजे कंपनी लबाड, असं नव्हे. नव्या माणसाला पहिले ग्राहक कुठून तरी मिळायलाच हवेत. पण ती यादी संपल्यावर काय, हे त्यांना विचार. त्यांच्याकडे उत्तर तयार नसेल, तर तेच उत्तर समज.

स्वभावचाचणीची धास्ती घेऊ नकोस. तोच प्रश्न शब्द फिरवून चार ठिकाणी येतो, खरं लिहिलं की उत्तरं आपोआप जुळतात. पार्श्वभूमीच्या तपासणीचं मात्र मनावर घे. शिकत असताना तुझ्या कार्डाचे दोन हप्ते थकले होते, ते त्यांना सापडण्याआधी तूच सांग. स्वतः कर्जात बुडालेल्या माणसाच्या हाती लोकांचे पैसे द्यायचे का, एवढंच ते बघत असतात. दोन हप्त्यांनी नोकरी जाण्याची शक्यता कमी, लपवलेस तर नक्की जाईल.

लुटुपुटीचा ग्राहक बनून कुणीतरी समोर बसेल. बाजार कोसळलाय, माझं सगळं विकून टाका, असा धोशा लावेल. लगेच धीर द्यायला जाऊ नकोस, तक्ते तर मुळीच काढू नकोस. आधी विचार, हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत? दोन वर्षांनी लागणाऱ्या पैशाला आणि वीस वर्षांनी लागणाऱ्या पैशाला एकच उत्तर नसतं. हा प्रश्न न विचारता जो बोलायला लागतो, तो विक्रेता.

आता पगार. पहिले काही महिने ठरलेली रक्कम देऊ म्हणाले, तर ती पगार आहे की पुढच्या कमिशनमधून कापून घ्यायची उचल आहे, हे कागदावर बघ. ग्राहकानं योजना लवकर मोडली तर घेतलेलं कमिशन परत करावं लागतं का? मध्येच सोडलंस तर प्रशिक्षणाचा खर्च तुझ्याकडून वसूल करणार का? आणि तू जोडलेले ग्राहक तुझे की कंपनीचे? करारातलं हे शेवटचं कलम कुणी वाचत नाही, मीही नव्हतं वाचलं. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्यांपैकी आज किती जण टिकून आहेत तेही विचार, आणि विचारताना समोरच्याचा चेहरा बघ.

ग्राहकाच्या मालमत्तेवर १ टक्का फी आणि त्यातला ४० टक्के वाटा तुझा, असं गृहीत धर. म्हणजे वर्षाला तुला जेवढे हवेत त्याच्या २५० पट रक्कम लोकांनी तुझ्या भरवशावर ठेवायला हवी. दुसरी बाजूही मांडून बघ. १ लाख ८ टक्क्यांनी ३० वर्षं वाढले तर सुमारे १० लाख होतात, फी वजा जाऊन ७ टक्क्यांनी वाढले तर साडेसात लाखांच्या थोडे वर. एका टक्क्यात जवळजवळ पाव हिस्सा जातो. तो टक्का कोण नेतं, हे ग्राहकाला माहीत असतंच असं नाही. ब्रिटननं २०१२ च्या अखेरीस गुंतवणुकीच्या सल्ल्यावर कंपन्यांकडून मिळणारं कमिशन बंद केलं. सल्ल्याचे पैसे ज्याला सल्ला दिला त्यानंच द्यायचे. सगळीकडे असं नाही. म्हणून तुझा पगार शेवटी कुणाच्या खिशातून येणार, हा प्रश्न मी तुझ्या जागी असतो तर सगळ्यात आधी विचारला असता.

मी विचारला नव्हता. आत्याला पंधरा वर्षांची पॉलिसी दिली. दुसऱ्याच वर्षी काकांची नोकरी गेली, हप्ते झेपेनात, तिनं ती मोडली. भरलेल्यातलं फारच थोडं परत आलं. माझं कमिशन तोवर खर्चूनही झालं होतं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त नंतर कधी पैशांचा विषय निघाला की उठून आत जायची.

तर यादी दे, पण ज्यांच्यापुढं उद्या मान वर करून बसता येणार नाही अशांची नावं त्यात नकोत. आईचं तूर्त राहू दे. पहिलं नाव माझं घाल. पण मी कसा ग्राहक आहे ते सांगून ठेवतो. तू फाईल उघडायच्या आत विचारीन, यात तुला किती सुटणार? हसत हसत आकडा सांगता आला, तर पुढचं ऐकेन.

शुक्रवारची फेरी झाली की फोन कर. कराराची प्रत मिळाली तर सही करण्याआधी मला पाठव, चष्मा लावून सगळी पानं वाचीन.

तुझा,
बाबा