सिम्पसन डेझर्टला एकट्या गाडीने नको

संपादक साहेब, नमस्कार,

ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधल्या, म्हणजे आतल्या ओसाड भागातल्या, कॅम्पिंगबद्दल तुमच्या पेपरात वाचलं, छानच वाटलं, पण सेफ्टीचं राहूनच गेलं म्हणून लिहितोय. तिथल्या सिम्पसन डेझर्ट या वाळवंटात हजारावर वाळूच्या टेकड्या आहेत, एकामागून एक, पलीकडून येणारी गाडी दिसतच नाही, म्हणून गाडीला उंच झेंडा कंपल्सरी आहे, आणि टायरची हवा कमी केल्याशिवाय चढायचं नावच काढू नका. बर्ड्सविल गावाजवळची बिग रेड नावाची टेकडी तर साधारण 40 मीटर उंच! 1 डिसेंबर ते 15 मार्च कडक उन्हाळ्यामुळे तिथले पार्क बंदच असतात. मोबाईलला रेंज नाही, सॅटेलाइट फोन घ्याच. आणि गाडी बंद पडली तर प्लीज ती सोडून चालत निघू नका, शोधणाऱ्यांना गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही.

– एक वाचक